पहिलीच्या आधीची शाळा उभारणाऱ्या ताराबाई मोडक

आगरदांडा (ता. मुरूड) : जून महिना जवळ आला की रायगडच्या किनाऱ्यावरील गावांत शाळा सुरू होण्याची लगबग दिसू लागते. राजपुरी खाडीच्या काठावरील आगरदांडा असो, पलीकडच्या तीरावरील दिघी असो किंवा मुरूड परिसरातील एखादी लहानशी वाडी असो, पाच-साडेपाच वर्षांच्या मुलांच्या पालकांपुढे एकच प्रश्न उभा असतो. मुलाला यंदा पहिलीत घालावे की आणखी एक वर्ष अंगणवाडीतच राहू द्यावे? थोरले भावंड शाळेत जात असेल तर धाकट्यालाही त्याच्याबरोबर पाठवून द्यावे, असा विचार बहुतेक घरांत होतो. कोकणातील अनेक लहान शाळांमध्ये दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. त्यामुळे नुकतेच अंगणवाडीतून आलेले मूल त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांच्या शेजारी बसते. काही मुले या वातावरणात लवकर रुळतात, तर काही पहिल्याच वर्षी मागे पडतात आणि मग मागेच राहतात.

हा प्रश्न केवळ पालकांच्या हौसेचा नाही. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण होण्याचा मानीव दिनांक ३१ डिसेंबर असा ठरविला. या हिशेबाने १ जानेवारीला जन्मलेले मूल आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल एकाच वर्गात येते. जूनमध्ये शाळेची घंटा वाजते तेव्हा पहिल्याचे वय सुमारे साडेसहा वर्षे असते, तर दुसऱ्याचे जेमतेम साडेपाच. मोठ्या माणसांच्या आयुष्यात एका वर्षाने फारसा फरक पडत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र हे एक वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. बोटांची पकड, बसून राहण्याची ताकद, ऐकलेली सूचना लक्षात ठेवण्याची क्षमता या साऱ्यांत तो फरक उतरतो. एकाच इयत्तेतील वयाने लहान मुले आरंभीच्या वर्षांत मागे दिसतात, असे अनेक देशांतील अभ्यासांतही आढळले आहे. पुष्कळदा ते मूल मंद नसते, केवळ लहान असते.

या प्रश्नावर ज्यांनी उभे आयुष्य वेचले आणि ज्यांच्या कामातून अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला, त्या ताराबाई मोडक यांच्या निधनाला २०२३ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीपासून ठाणे जिल्ह्याच्या वारली पाड्यांपर्यंत त्यांनी केलेला प्रवास हा शाळेची सुरुवात कोणत्या वयात, कोठे आणि कोणाच्या सोबतीने व्हावी याच्या शोधाचा प्रवास होता.

सुधारकी घराचा वारसा

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे, आपल्या बुद्धीने विचार करावा, ही त्या घरातील रीतच होती. त्या काळी मुलींच्या शाळेत जाणाऱ्या मुलीही थोड्या होत्या आणि त्यांतून महाविद्यालयापर्यंत पोहोचणाऱ्या तर बोटांवर मोजण्याइतक्या. अशा काळात ताराबाईंनी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळवली.

पुढे अमरावती येथील वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ मध्ये उभयतांची फारकत झाली. घटस्फोट हा शब्द उच्चारणेही जड जावे असा तो काळ होता. पदरी लहान मुलगी होती. माहेरी परतून दुसऱ्यांच्या आधाराने दिवस काढण्याऐवजी ताराबाईंनी स्वतःच्या शिक्षणाच्या बळावर उभे राहण्याचा मार्ग पत्करला. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

मानाचे पद होते, वेतन चांगले होते, राहण्याची सोय होती. तथापि शिक्षिका घडविणाऱ्या या संस्थेत काम करीत असताना शिक्षणाची पहिली पायरी त्यांना अधिक खुणावू लागली. मुलाला शिस्त लावण्याचा एकमेव मार्ग म्हणजे धाक, आणि शिकविणे म्हणजे पाठ करून घेणे, अशी बहुसंख्य शाळांची समजूत होती. त्या समजुतीला छेद देणारा एक प्रयोग राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरमध्ये चालू होता.

भावनगरचे बालमंदिर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. मूळचे वकील असलेले गिजुभाई आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता मारिया माँटेसरी यांच्या लेखनाकडे वळले आणि वकिली सोडून शिक्षक झाले. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे गुजरातेत त्यांना मूछाळी मा, म्हणजे मिशीवाली आई, या लाडक्या नावाने ओळखले जाई. ताराबाई १९२३ च्या सुमारास राजकोटचे पद सोडून या संस्थेत दाखल झाल्या आणि पुढील आठ-नऊ वर्षे तेथे राहिल्या.

माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले होते. त्यांच्या पद्धतीत एक गोष्ट नेहमीच्या शाळेहून मुळातच निराळी होती. तेथे वर्षागणिक इयत्ता नव्हत्या. अडीच-तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले एकाच दालनात वावरत. लहान मूल मोठ्यांना काम करताना पाहून शिके, तर मोठे मूल लहानाला दाखविता दाखविता स्वतः पक्के होई. प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाई. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांच्या वयाच्या फरकाने कोणी हुशार किंवा ढ ठरत नसे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. वेगवेगळ्या वयाची मुले एका खोलीत बसविणे एवढ्यानेच हा लाभ होत नाही. शिक्षक कमी आहेत म्हणून दोन इयत्ता एकत्र केल्या आणि फळ्यावर एकच धडा लिहून दिला, तर त्यात लहानाचे नुकसान होते. माँटेसरींच्या दालनात मोकळी जागा होती, हाताळण्याची साधने होती, आणि सर्वांनी एकाच वेळी एकच गोष्ट करावी अशी सक्ती नव्हती. मिश्र वयाचा वर्ग हा तेथे नाइलाज नव्हता, ती एक योजना होती.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. गोष्टी, बालगीते, नाट्य, लोकखेळ यांची जोड देऊन त्यांनी तिला या मातीचे रूप दिले. ताराबाई गुजराती भाषा आत्मसात करून तीत लिहू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या संघाच्या कामाचा प्रसार करणाऱ्या शिक्षणपत्रिका या नियतकालिकाची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी चालवली. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याच्या हट्टामागचे कारण शोधावे, अशा विषयांवरील सोपे लेख त्या पत्रिकेतून मराठी घरांत पोहोचू लागले. पालकांना शिकविल्याखेरीज मुलांचे शिक्षण सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

दादरचे शिशुविहार

गुजरातेतील अनुभवाची शिदोरी घेऊन ताराबाई मुंबईत परतल्या. १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. मराठी मध्यमवर्गाच्या या वस्तीत शिकलेले पालक होते, मुलांविषयी आस्था होती आणि नव्या विचाराचे कुतूहलही होते. शिशुविहाराबरोबरच बालशिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिरही उभे राहिले. लहान मुलांना सांभाळणे हे कोणत्याही बाईला उपजतच येते, त्यासाठी वेगळ्या शिक्षणाची गरज काय, असा सर्वसाधारण समज त्या काळी होता. बालवाडीची शिक्षिका ही प्राथमिक शाळेच्या शिक्षकाइतकीच प्रशिक्षित असली पाहिजे, हा आग्रह ताराबाईंनी या अध्यापन मंदिराद्वारे प्रत्यक्षात आणला.

शिशुविहाराचा हेतू मुलाला पहिलीचा अभ्यास एक-दोन वर्षे आधी देणे हा नव्हता. अक्षरे गिरविण्याआधी हाताला वळण हवे, वाचण्याआधी कानाला भाषा हवी, आकडे घोकण्याआधी वस्तू मोजण्याचा अनुभव हवा, हा या शिक्षणाचा पाया होता. शहरातील पालकांचा कल मात्र पुष्कळदा उलट असे. मूल लवकर लिहू लागले म्हणजे शाळा चांगली, हा निकष तेव्हाही होता आणि पुढे तो अधिकच बळावला.

१९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी मारिया माँटेसरी मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा भारतातील मुक्काम लांबला. देशभर माँटेसरी शाळांविषयी उत्सुकता वाढली. तथापि त्या पद्धतीची साधने महाग होती. घोटीव लाकडाचे ठोकळे, मनोरे आणि मोजके रंग लावलेल्या पट्ट्या खरेदी करणे शहरातील मोजक्या शाळांनाच परवडे. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती भारतात सुखवस्तू घरांतील मुलांपुरती उरणार की काय, ही शंका निर्माण झाली. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती आणि त्यांच्यापर्यंत बालशिक्षणाचा वाराही पोहोचला नव्हता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी मुंबई सोडली.

बोर्डीत शाळा अंगणात गेली

आगरदांडा कोकण किनाऱ्याच्या ज्या पट्ट्यात आहे, त्याच किनाऱ्याने मुंबईच्या उत्तरेस गुजरातच्या हद्दीकडे गेले की बोर्डी लागते. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कार्यामुळे बोर्डीचे नाव आधीच परिचित झाले होते. तेथे २४ डिसेंबर १९४५ रोजी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले. ताराबाईंच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई शिकून शिक्षिका झाल्या होत्या. १९४५ मध्येच बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली, आणि त्या बोर्डीला आल्या त्या आयुष्यभरासाठी.

बोर्डीत पहिला धक्का बसला तो पद्धतीला. गावात बालवाडी उघडली, साधने मांडली, वेळ ठरविली. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ती मुले येईनात. गावातील बऱ्या स्थितीतील घरांतून मुले आली. वाड्या-पाड्यांवरील आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले मात्र दूरच राहिली. जातीची भिंत होती, अंतर होते, अंगावर धड कपडा नव्हता, पोटात अन्न नव्हते. आईबाप पहाटेच मजुरीला बाहेर पडत. तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालून, वेळेवर तयार करून शाळेत पोहोचविणारे घरात कोणीच नसे.

शहरातील कोणत्याही शाळेने अशा वेळी पालकांच्या अनास्थेला दोष दिला असता. ताराबाईंनी शाळेची जागा बदलली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारात जावे, हा निर्णय त्यांनी घेतला. शिक्षिका सकाळी वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांना गोळा करावयाचे, त्यांची तोंडे-हातपाय धुवावयाचे, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. वस्तीच्या अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. गावात सर्व सोयींनी युक्त अशी मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवर अंगणवाड्या, अशी रचना यातून आकाराला आली.

साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. किनाऱ्यावर शंख-शिंपले भरपूर. झाडाखाली बिया, पाने, फुले, काटक्या. ओढ्यात गोटे, शेतात माती. लहान-मोठे ओळखण्यासाठी, मोजण्यासाठी, रांगेत लावण्यासाठी, रंग आणि खडबडीतपणा पारखण्यासाठी या वस्तू उत्तम चालतात. गावातील सुतार, कुंभार, बुरूड यांच्याकडून उरलेली साधने स्वस्तात करून घेता येतात. माँटेसरींच्या तत्त्वाला धक्का न लावता खर्च मात्र खेड्याला परवडेल इतका खाली आला.

अंगणवाडीत वयाची काटेकोर अट चालणेही शक्य नव्हते. त्या काळी वस्त्यांवर जन्मतारखेची नोंद असलेली घरे थोडीच होती. शिवाय अंगणात बालवाडी भरली की तेथे अडीच वर्षांचे मूलही येई, पाच वर्षांचेही येई, आणि कडेवर तान्हे भावंड घेऊन आठ वर्षांची मुलगीही येऊन उभी राही. ही कडेवर मूल घेतलेली मुलगी पुढील प्रयोगाला कारणीभूत ठरली.

कोसबाडच्या टेकडीवरील विकासवाडी

१९५७ च्या सुमारास संस्थेचे काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. हा वारली आदिवासींचा मुलूख. येथे प्राथमिक शाळा कागदावर असली तरी पटावरील मुले वर्गात दिसत नसत. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्येच झाला होता. परंतु सहा ते दहा वर्षे वयाचे आदिवासी मूल हे घरातील कामाचे माणूस होते. मुली धाकट्यांना सांभाळत आणि मुलगे गुरे राखत. कायद्याने शाळेत जावे असे ज्या वयाला सांगितले, त्याच वयावर घराचा भार होता.

यातून विकासवाडीची कल्पना साकारली. तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, त्यापुढील वयासाठी बालवाडी आणि मोठ्या मुलांसाठी प्राथमिक शाळा, या तिन्ही गोष्टी एकाच आवारात. मुलगी धाकट्या भावंडाला घेऊन आली तरी चालेल. भावंड पाळणाघरात किंवा बालवाडीत राहील आणि ती स्वतः वर्गात बसेल. मधल्या वेळात तिने भावंडाला पाहून यावे. घरच्यांची अडचण दूर झाली आणि मुलीच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली.

हा बदल वरकरणी सोयीचा वाटला तरी त्याचा शैक्षणिक अर्थ मोठा होता. एरवी अंगणवाडी एका खात्याची, शाळा दुसऱ्या खात्याची, आणि दोहोंमध्ये मुलाने एकट्याने उडी घ्यावयाची, अशी रीत असते. एका वर्षी जमिनीवर बसून गाणी म्हणणारे मूल पुढील वर्षी रांगेत बसून पाटी भरू लागते. त्याला ना ओळखीचे माणूस मिळते, ना ओळखीची जागा. विकासवाडीत हा उंबरठा सपाट झाला. बालवाडीतील मुलाला शाळा रोज दिसत होती. शाळेतील शिक्षकाला येणारे मूल आधीपासून ठाऊक होते. मोठी भावंडे हाकेच्या अंतरावर होती. वयाने थोडे लहान असणारे मूल बालवाडीत आणखी काही काळ रमले तरी ते मागे पडले असे कोणी म्हणण्याचे कारण नव्हते.

गुराखी मुलांसाठी कुरणशाळा सुरू झाली. मूल गुरे सोडून येऊ शकत नाही, तर शिक्षकाने कुरणावर जावे, हे अंगणवाडीचेच तत्त्व येथे मोठ्या मुलांना लावले गेले. गुरे चरत असताना झाडाखाली धडे होत. परिसरातील झाडे, पक्षी, दगड, ओढे हेच अभ्यासाचे साहित्य होते. दिवसा मुळीच सवड नसलेल्यांसाठी रात्रीचे वर्ग भरत. पाळणाघर, बालवाडी, शाळा, कुरण आणि रात्रशाळा या सर्वांमागे विचार एकच होता. मुलाचे वय, त्याचे घर आणि त्याचे काम पाहून शाळेने आपला आकार ठरवावा.

आयोग, योजना आणि एक शब्द

ताराबाईंच्या कार्याची दखल घेऊन भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले आणि पहिलीतील प्रवेश सामान्यतः सहा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज होऊ नये, अशी शिफारस केली. परंतु सहा वर्षांच्या आतील मुलांचे काय, हा प्रश्न पुढेही बराच काळ स्वयंसेवी संस्थांच्या भरवशावर राहिला.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. या योजनेच्या गावपातळीवरील केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्त्यांवर रुजलेला शब्द आसामपासून केरळपर्यंत सरकारी दप्तरात गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण ही सारी कामे त्या एका केंद्राकडे आली. पोषणाच्या बाबतीत अंगणवाडीने मोठी कामगिरी बजावली. शाळापूर्व शिक्षणाला मात्र पुष्कळ ठिकाणी उरलेला वेळच मिळाला. सेविकेच्या डोक्यावर नोंदवह्यांचे ओझे वाढत गेले आणि ताराबाईंनी ज्यावर सर्वाधिक भर दिला होता, ते शिक्षिकेचे सखोल प्रशिक्षण मागे राहिले.

कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा बोर्डीच्या पहिल्या दिवसाला सत्तेचाळीस वर्षे होत आली होती.

कायद्याची रेघ आणि मुलाची वाढ

पुढील काळात कायद्याने सहा वर्षांची रेघ अधिक ठळक केली. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, पण सहा वर्षांच्या आतील मुलांचे संगोपन व शिक्षण राज्याच्या प्रयत्नांवर सोडले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातही हीच विभागणी राहिली. हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, मुलाचा मेंदू आणि भाषा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घडत असतात. या मधल्या पोकळीत शहरांमध्ये खासगी नर्सरी व केजी फोफावल्या. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देणे ही त्यांची जाहिरात ठरली.

जगात याविषयी एकच रीत नाही. इंग्लंडमध्ये मूल चार-पाच वर्षांचे असतानाच शाळेच्या आवारात येते, तर फिनलंडमध्ये औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते. फिनलंडमधील मूल सातव्या वर्षापर्यंत घरी रिकामे बसलेले नसते. त्याच्यासाठी खेळावर आधारित बालशिक्षणाची चांगली व्यवस्था असते. म्हणजे केवळ प्रवेशाचे वय मागे-पुढे करून प्रश्न सुटत नाही. त्या वयाआधी मुलाला काय मिळते आणि प्रवेशानंतरचा वर्ग कसा चालतो, यावर पुढील सारे अवलंबून राहते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. शाळापूर्व तीन वर्षे आणि पहिली-दुसरी ही दोन वर्षे यांची सांगड त्यात घालण्यात आली. अंगणवाड्या शक्य तेथे शाळेच्या आवारात आणण्याचा विचारही त्यात आहे. कोसबाडच्या टेकडीवर साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी जे उभे राहिले, त्याच्याशी या रचनेचे नाते सहज ओळखू येते.

लहान गावांपुढील आव्हान

आगरदांड्यासारख्या किनारी गावांना या इतिहासातून घेण्याजोगे बरेच आहे. किनाऱ्यावरील वस्त्यांत आई पहाटे मासळी घेऊन बाजाराला गेली की धाकटे भावंड थोरल्या बहिणीच्या स्वाधीन होते. विकासवाडी ज्या अडचणीतून जन्माला आली, ती अडचण केवळ वारली पाड्यांची नव्हती. अंगणवाडी आणि शाळा शेजारी असतील, दोन्हींच्या वेळा जुळत असतील, तर दोन्ही मुलांचे शिक्षण टिकते. अंगणवाडी सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांची नियमित गाठ पडत असेल, तर पहिलीत येणारे मूल अनोळखी राहत नाही. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नसते.

कमी पटाच्या शाळांत इयत्ता एकत्र बसविणे अपरिहार्य असते. तेथे पहिली-दुसरीला बालवाडीप्रमाणे साधने, कोपरे आणि गटकार्य देता येते. साडेपाच वर्षांच्या मुलाची साडेसहा वर्षांच्या मुलाशी तुलना न करता त्याच्या स्वतःच्या वाढीची नोंद ठेवता येते. असे झाले तर मिश्र वर्ग ओझे न ठरता आधार होतो. शिक्षकांना त्यासाठीचे प्रशिक्षण मिळावे लागते, ही ताराबाईंची जुनी मागणी येथे पुन्हा समोर येते.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे. राज्यात २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याच्या हालचाली झाल्या, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली. मोठ्या शाळेत सोयी अधिक मिळतात, हे खरे. परंतु डोंगर, खाड्या आणि पावसाळ्यातील ओढे यांनी तुटलेल्या कोकणात सहा वर्षांच्या मुलाची शाळा वाडीपासून दूर गेली की प्रथम गळते ते वयाने सर्वांत लहान मूल, आणि त्याच्या पाठोपाठ त्याला सांभाळणारी त्याची बहीण. बोर्डीला बालवाडी गावात असूनही वस्तीवरील मुले आली नव्हती, हा १९४५ चा अनुभव कोणताही निर्णय घेताना ध्यानात ठेवावा असा आहे.

ताराबाईंनी कोठलीही मोठी वास्तू मागे ठेवली नाही. त्यांनी मागे ठेवली ती शाळेकडे पाहण्याची एक दृष्टी. मूल शाळेसाठी तयार आहे की नाही, हे आपण दरवर्षी जूनमध्ये जन्मदाखला पाहून ठरवितो. शाळा त्या मुलासाठी तयार आहे काय, ही तपासणी त्यांनी बोर्डीच्या अंगणात आणि कोसबाडच्या कुरणात केली होती. त्या तपासणीला गावोगावच्या शाळांना अजून सामोरे जावयाचे आहे.